दोन चॅनेलचं ईएमजी यंत्र आणि दोन सिनॉप्सिस

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यात फिजिओथेरपी शिकवणाऱ्या एका तरुण सहकारी बाईंना पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे दोन सिनॉप्सिस (प्रबंधांचे आराखडे) एथिक्स कमिटीपुढे न्यायचे आहेत. पहिला: गुडघेदुखीच्या पेशंटांमध्ये तीन तऱ्हांच्या स्क्वॉटमध्ये (साधा, गुडघ्यांत चेंडू दाबून, पावलं बाहेर वळवून) व्हीएमओ (मांडीच्या पुढच्या स्नायूचा आतला, गुडघ्याजवळचा भाग) किती काम करतो ते ईएमजीने, म्हणजे त्वचेवर इलेक्ट्रोड लावून स्नायूची वीज मोजून, पाहायचं. दुसरा: ईएमजी हाच विषय लेक्चरने शिकवावा की फ्लिप्ड क्लासने (घरी व्हिडिओ, वर्गात चर्चा). विभागात दोन चॅनेलचं यंत्र आहे आणि पावसाळा तोंडावर आलाय. "मॅडम, दोन्ही विषय चालतील का? काय काय सांभाळू?"

चालतील, पण आत्ता लिहिलेत तसे नाहीत. विषय इतके वेगळे असूनही दोन्हींत खोट एकच आहे. पहिल्यात मायक्रोव्होल्टला ताकद समजलंय, दुसऱ्यात मुलांच्या पसंतीला शिक्षण समजलंय. हाताशी जे मोजमाप आहे तेच आपल्याला हवं होतं, अशी एकदा समजूत करून घेतली की पुढचं सगळं गणित बिनचूक येतं आणि उत्तर मात्र चुकतं. हे मी पुस्तकातून शिकले नाही.

सव्वीस वर्षांपूर्वी माझ्या प्रबंधासाठी मी खांदेदुखीच्या पेशंटांचा अप्पर ट्रॅपेझियस (मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू) मोजला होता. पेशंटांचे कच्चे मायक्रोव्होल्ट एका रकान्यात, निरोगी माणसांचे दुसऱ्या रकान्यात, त्यावर टी-टेस्ट, म्हणजे दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना. पी व्हॅल्यू छान आली, फरक खरा वाटला, मी खूश. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच विचारलं, "हाच पेशंट, हाच स्नायू. उद्या सकाळी परत इलेक्ट्रोड लावलेस तर हाच आकडा येईल का?" मला उत्तर ठाऊक होतं. मध्येच वीज गेल्यामुळे एका पेशंटाचं वाचन दुसऱ्या दिवशी परत घ्यावं लागलं होतं आणि तो आकडा आदल्या दिवसाच्या जवळजवळ दीडपट आला होता. मी पहिला आकडा ठेवला आणि दुसरा वहीत खोडून टाकला. त्या टेबलापुढे उभी असताना कानशिलं कशी तापली होती ते अजून आठवतं.

आकडा बदलला याचं कारण साधं आहे. त्वचेवरचा इलेक्ट्रोड स्नायूची ताकद पाहतच नाही. त्याच्याखाली जी मोटर युनिट्स (एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले स्नायूतंतू) पेटली, त्यांच्या विजेची बेरीज त्याला त्वचा आणि चरबीच्या थरामधून ऐकू येते, भिंतीपलीकडचं भांडण ऐकू यावं तशी. चरबी जाड असेल तर आवाज दबतो. इलेक्ट्रोड सेंटिमीटरभर सरकला तर वेगळी युनिट्स ऐकू येतात. घाम आला तर आणखी वेगळं. त्यातून आपण ज्याला सिग्नल म्हणतो तो काही मायक्रोव्होल्टपासून फार तर दोन-चार मिलिव्होल्टपर्यंतचा, म्हणजे मुळातच कुजबुज. तेव्हा एका माणसाच्या कच्च्या आकड्याची दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करायची नाही, हे सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावरच लिहून टाका.

यावरचा ठरलेला उपाय तुम्ही लिहिलाय: आधी जास्तीत जास्त जोर काढून घ्यायचा, तीन ते पाच सेकंद, तीन वेळा, मध्ये एक-दोन मिनिटं विश्रांती, आणि मग स्क्वॉटमधला आकडा त्याच्या टक्क्यांत सांगायचा. निरोगी मुलांवर हे ठीक आहे. तुमचे पेशंट मात्र गुडघेदुखीचे आहेत, आणि तिथेच फसगत होते. दुखऱ्या गुडघ्याचा माणूस पूर्ण जोर काढतच नाही, काढू शकत नाही. सांध्याला सूज असेल तर वेदना नसतानाही मज्जासंस्था क्वाड्रिसेप्सला (मांडीच्या पुढच्या स्नायूला) आवर घालते. निरोगी माणसाच्या गुडघ्यात निर्जंतुक सलाइन भरूनसुद्धा हे दाखवलं गेलंय. म्हणजे तुमचा छेदच लहान झाला. छेद लहान तर टक्केवारी मोठी. मग निष्कर्ष निघेल की "पेशंटांमध्ये व्हीएमओचं सक्रियीकरण निरोगी लोकांपेक्षा जास्त आढळलं", आणि पोरगी बिचारी चर्चेच्या प्रकरणात त्याचं कारण शोधत बसेल.

आता व्हीएमओबद्दल दोन शब्द. हा स्नायू आपल्या अभ्यासक्रमात देवचाराइतका, म्हणजे गावाच्या राखणदाराइतका, मानला जातो, म्हणून जरा थांबते. "शेवटचे पंधरा अंश गुडघा सरळ करतो तो व्हीएमओ" हे वाक्य आजही वह्यांमध्ये आहे. १९६८ मध्ये लीब आणि पेरी यांनी कापून वेगळ्या केलेल्या पायांवर एकेक भाग ओढून पाहिला. व्हीएमओ एकट्याने गुडघा सरळ करूच शकला नाही. त्याचे तिरके तंतू गुडघ्याच्या वाटीला आतून धरून ठेवतात. आणि शेवटच्या पंधरा अंशांसाठी सबंध क्वाड्रिसेप्सला सुमारे ६० टक्के जास्त जोर लावावा लागला. म्हणजे पेशंटचा पाय शेवटी थोडा वाकलेला राहतो तो व्हीएमओ रुसला म्हणून नव्हे, अख्खा क्वाड्रिसेप्स कमी पडतो म्हणून. हे कळून अर्धशतक उलटलं, आणि आजही ओपीडीत "एवढा आतला मसल टाइट करा" असं बोटाने टोचून सांगणारे इंटर्न भेटतात. त्यांना दोष देत नाही. त्यांना तसंच शिकवलं आम्ही. पुढे चेंडू दाबून, पावलं वळवून, बँड बांधून व्हीएमओला व्हीएलपासून (क्वाड्रिसेप्सच्या बाहेरच्या भागापासून) वेगळं पेटवण्याचे कितीतरी प्रयत्न ईएमजीवर झाले. भरवशाने तसं करणारा व्यायाम हाती लागलेला नाही. तुमचा तीन स्क्वॉटांचा प्रश्न त्यामुळे फेकून द्यावा असं नाही. फक्त "कोणता स्क्वॉट व्हीएमओला एकट्याला जागवतो" असं न विचारता "एकाच माणसात, एकाच बैठकीत, या तीन स्क्वॉटांत दोन्ही वास्टाय (व्हीएमओ आणि व्हीएल) किती पेटतात" असं विचारा. दोन चॅनेल त्याला पुरतात.

एकाच बैठकीत यावर मी अडून बसेन. इलेक्ट्रोड एकदा लावले की तिन्ही स्क्वॉट होईपर्यंत काढायचे नाहीत. मग चरबी तीच, जागा तीच, त्वचा तीच, आणि जास्तीत जास्त जोराचं झंझट टाळून एखादं ठरावीक हलकं काम, समजा ३० अंशांवर भिंतीला टेकून दहा सेकंद, हाच संदर्भ धरता येतो. स्क्वॉटांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर तिसऱ्या स्क्वॉटच्या आकड्यात थकवा मिसळेल. थकलेल्या स्नायूचा ईएमजी कमी होतो असं बऱ्याच मुलांना वाटतं. मध्यम जोराचं काम चालू ठेवलं तर उलट होतं: रेषेची उंची वाढते, कारण तेवढाच भार उचलायला जास्त युनिट्स लागतात, आणि फ्रिक्वेन्सी खाली सरकते. वेग मेट्रोनोमवर बांधा. आणि खाली जाणं व वर येणं यांचे आकडे वेगळे ठेवा. तोच भार खाली सोडताना स्नायूला कमी वीज लागते, उचलताना जास्त. दोन्हींची सरासरी काढली की दोन्ही हरवतात.

इलेक्ट्रोडच्या जागेबद्दल युरोपातल्या सेनियाम प्रकल्पाच्या शिफारशी सरळ पाळा, स्वतःचं डोकं लावू नका. दोन इलेक्ट्रोडांच्या मध्यांमध्ये २० मिलिमीटर. व्हीएमओसाठी कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून आतल्या लिगामेंटच्या पुढच्या कडेजवळच्या सांध्याच्या फटीपर्यंत रेषा ओढायची आणि तिच्या ८० टक्क्यांवर थांबायचं. जोडी त्या रेषेला जवळजवळ काटकोनात, कारण तंतू तिरके आहेत. व्हीएलसाठी त्याच टोकापासून वाटीच्या बाहेरच्या बाजूपर्यंतच्या रेषेच्या दोन-तृतीयांशावर. टेलरची टेप वापरा, नजरेचा अंदाज नको. आणि लक्षात ठेवा, गुडघा वाकतो तेव्हा त्वचा तिथेच राहते आणि स्नायू तिच्याखाली सरकतो. सरळ पायावर नेमकी लावलेली जोडी ९० अंशांवर दुसऱ्याच तंतूंवर असते. म्हणून फार खोल स्क्वॉट घेऊ नका, ६० अंश पुरे.

पावसाळ्याचं तुम्ही अगदी शेवटच्या ओळीत विचारलंत, पण गोव्यात अर्धा अभ्यास तिथेच बुडतो. जुलैमधली एक दुपार सांगते. खोलीत दमट कोंदट हवा, विद्यार्थिनीने मुलाच्या मांडीवर इलेक्ट्रोड लावले, दुसऱ्या स्क्वॉटला एक कड सुटली. तिने वरून सर्जिकल टेप मारली. तिसऱ्या स्क्वॉटला रेषेवर मोठमोठे डोंगर दिसू लागले. "मॅडम, याचा व्हीएमओ फारच चांगला आहे!" तो व्हीएमओ नव्हता, घामावर डुलणारा इलेक्ट्रोड होता. असे हलते डोंगर बहुतेक २० हर्ट्झच्या खाली असतात, फिल्टरने जातात; पण सुटलेली कड फिल्टरने चिकटत नाही. आम्ही सगळं काढलं. केस वस्तऱ्याने काढले (माणसागणिक नवा वस्तरा, त्यात काटकसर नको), स्पिरिटने पुसलं, पूर्ण वाळू दिलं, पाच मिनिटं थांबलो. घाम येऊ नये म्हणून पोरीने टेबलफॅन आणून लावला आणि आता शांत बसलेल्या मांडीच्या रेषेवर एकसारखी जाड पट्टी उमटली. पन्नास हर्ट्झ. आपल्या विजेचा सूर. फॅन, चार्ज होणारा लॅपटॉप, ट्यूबलाइटचा चोक आणि जुन्या इमारतीतलं नावापुरतं अर्थिंग, सगळ्यांनी मिळून केलेली आरती. लॅपटॉप बॅटरीवर घेतला, फॅन भिंतीपलीकडे नेला, ग्राउंडचा इलेक्ट्रोड वाटीच्या हाडावर नीट दाबून बसवला, पट्टी गेली. यंत्रात नॉच फिल्टरचं (नेमका पन्नास हर्ट्झ कापणारं) बटण असतं आणि मुलांना ते फार आवडतं. दाबू देऊ नका. स्नायूच्या विजेचा मोठा वाटा ५० ते १५० हर्ट्झच्या पट्ट्यातच असतो. पन्नास कापलात की आवाजाबरोबर स्नायूही कापला जातो.

एकोणिसाव्या शतकात बर्लिनमध्ये द्यु ब्वा-रेमाँ यांनी माणसाच्या जिवंत स्नायूची वीज पहिल्यांदा पकडली तेव्हा त्वचेचा अडथळा घालवायला दोन्ही हातांवर फोड आणून कातडी काढली होती. मुलांना स्पिरिट आणि वस्तऱ्याचा कंटाळा आला की मी त्यांना हे सांगते. मग मुकाट्याने पुसतात.

साधारण १००० हर्ट्झचं सॅम्पलिंग (सेकंदाला हजार नोंदी) तरी हवंच, कारण स्नायूची वीज ५०० हर्ट्झच्या आसपासपर्यंत पसरलेली असते. तुमचं यंत्र तेवढं देत नसेल तर ते फीडबॅकसाठी ठेवा, संशोधनाला नको.

आणखी एक बारीक गोष्ट, जी कुठल्याही सिनॉप्सिसमध्ये लिहिलेली नसते: तोंडचे शब्द. ओरडून प्रोत्साहन दिलं की माणूस जास्त जोर काढतो. एका पेशंटला "काढ, काढ, जोर काढ" आणि दुसऱ्याला हळूच "ट्राय करा हं" म्हणालात तर तुम्ही स्नायू मोजला नाही, स्वतःचा मूड मोजला. शब्द आणि आवाजाची पट्टी ठरवा, कागदावर लिहा. आणि ते शब्द पेशंटच्या भाषेत असू देत. माझ्या फोंड्याच्या क्लिनिकात एका पाडेलीला (नारळ काढणाऱ्याला) इंटर्न म्हणाली, "मांडी काँट्रॅक्ट करा." त्याने सबंध पाय उचलला. मी म्हटलं, "माडावर चढताना पाय कसा आवळता, तसा आवळा." रेषा क्षणात उभी राहिली. आयुष्यभर माडाला मिठी मारलेल्या त्या माणसाला काय आवळायचं ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

पेशंटांवरच अभ्यास करायचा हट्ट असेल तर मी वेगळा प्रश्न सुचवेन, आणि तो गोव्याचा आहे. आपले पायलट, पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवरून दिवसभर प्रवासी नेणारे. कंबर धरून येतात. निरोगी माणूस उभ्याने हळूहळू पुढे वाकतो तेव्हा पाठीच्या कण्यालगतचा स्नायू आधी पेटतो, आणि पूर्ण वाकल्यावर एकदम गप्प होतो. १९५० च्या दशकात फ्लॉईड आणि सिल्व्हर यांनी हे नोंदवलं. जुनाट कंबरदुखीत बऱ्याच जणांचा स्नायू हा गप्पपणा विसरतो, पूर्ण वाकूनही बडबडत राहतो. यात तुमची मोठी अडचण आपोआप सुटते: वाकताना आलेल्या सर्वांत जास्त आकड्याला पूर्ण वाकलेल्या स्थितीतल्या आकड्याने भागायचं. दोन्ही आकडे त्याच इलेक्ट्रोडचे, त्याच मिनिटाचे. पेशंटकडून पूर्ण जोर काढून घ्यायची गरजच नाही. कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर, मधल्या रेषेपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, डावीकडे एक जोडी, उजवीकडे एक. दोन चॅनेल संपले. वाकण्याचा कोन मात्र इन्क्लिनोमीटरने बघा, कारण दुखतंय म्हणून अर्ध्यातच थांबलेल्या माणसाचा स्नायू गप्प होणारच नाही, आणि तुम्ही ते आजाराच्या खात्यावर मांडाल. मोटारसायकलच्या धक्क्यांमुळे हे झालं असं मात्र या अभ्यासातून म्हणता येणार नाही. एकदाच मोजून कारण कळत नसतं.

आता दुसरा सिनॉप्सिस, आणि गंमत अशी की त्याचं उत्तर याच वाकण्यात आहे.

तुम्ही लिहिलंय: अ गटाला लेक्चर, ब गटाला घरी व्हिडिओ आणि वर्गात चर्चा, शेवटी लगेच वीस प्रश्नांची चाचणी आणि समाधानाची प्रश्नावली. यातली समाधानाची प्रश्नावली काढून टाका. मुलांना काय आवडलं आणि मुलं काय शिकली या दोन गोष्टी एका दिशेने जातीलच असं नाही. हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्वतः डोकं लावावं लागलेल्या मुलांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटलं. गुळगुळीत लेक्चर ऐकलेल्यांना वाटलं, सगळं समजलं. मायक्रोव्होल्ट आणि ताकद यांच्यासारखंच. चाचणी लगेच घेणंही धोक्याचं आहे. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये दाखवलं की पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर उतारा पुन्हा वाचणारे पुढे असतात, आठवड्याने घेतली तर मध्ये स्वतःची चाचणी घेतलेले पुढे जातात. तुम्ही पाच मिनिटांवर थांबलात तर उलटाच निष्कर्ष छापाल. चाचणी सहा आठवड्यांनी घ्या, आधी न सांगता.

गट पाडण्याचंही तसंच. एकाच हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलांत अ आणि ब गट म्हणजे काय? ब गटाचा व्हिडिओ रात्री दहा वाजेपर्यंत अ गटाच्या व्हॉट्सॲपवर. त्यापेक्षा दोन्ही गटांना दोन्ही पद्धती द्या, विषय अदलाबदल करून: अ गट ईएमजी फ्लिप्ड पद्धतीने आणि नर्व्ह कंडक्शन (नसांतून वीज कशी जाते ती तपासणी) लेक्चरने, ब गट उलट. आणि पेपर तपासणारा माणूस तुम्ही नको. आपण ज्या पद्धतीच्या बाजूने आहोत तिला अर्धा गुण जास्त द्यायचा हात आपोआप वळतो, माझाही वळलाय.

व्हिडिओबद्दल आशा बेताची ठेवा. काणकोणहून किंवा पेडण्याहून रोज बसने येणारी मुलं व्हिडिओ बसमध्ये दीडपट वेगाने बघतात आणि वर्गात येऊन म्हणतात, "बघितला मॅडम." फ्लिप्ड क्लासचा जो फायदा दिसतो तो बहुतेक व्हिडिओचा नसतो, वर्गात रिकाम्या झालेल्या वेळेचा असतो. तो वेळ कशाने भरता हा खरा प्रश्न. मी कसा भरते ते सांगते.

वर्गात तीस मुलं. एका मुलीच्या पाठीवर इलेक्ट्रोड, पडदा मुलांकडे, आवाज चालू. ईएमजी ऐकायला मिळाला की मुलं जागी होतात. यंत्राला हात लावण्याआधी प्रत्येकाने वहीत लिहायचं: ही पूर्ण वाकली की कण्यालगतचा स्नायू जास्त काम करेल, तेवढंच, की कमी? आणि का? एक वाक्य, कुठल्याही भाषेत. मग शेजाऱ्याशी दोन मिनिटं वाद घालायचा आणि पुन्हा हात वर करायचे. ही युक्ती माझी नाही. हार्वर्डच्या एरिक माझुर यांनी १९९० च्या दशकात ती गाजवली. जवळजवळ सगळे हात "जास्त" साठी वर येतात, आणि वादानंतर आणखी ठामपणे येतात! मग मुलगी हळूहळू वाकते. खरखर सुरू होते, वाढते, वाढते, आणि बोटं पायांपाशी पोचता पोचता एकदम बंद. सरळ रेषा. दर वर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतं, "यंत्र बंद पडलं." मग ती वर येऊ लागते आणि खरखर परत उसळते. यंत्र चालूच होतं.

तेव्हा मी विचारते, स्नायू झोपला मग ही तोंडावर पडली का नाही? इथून पुढे मला फारसं बोलावं लागत नाही. लिगामेंट, फॅशिया (स्नायूंवरचं आवरण), ताणल्या गेलेल्या स्नायूचाच निष्क्रिय ताण, हे सगळं मुलं एकमेकांकडून काढून घेतात. खोलवरचे काही स्नायू तेव्हाही चालूच असतात आणि ते त्वचेवरच्या इलेक्ट्रोडला ऐकूच येत नाहीत, एवढं मात्र मला सांगावं लागतं. वीज शून्य आणि ताण भरपूर: "ईएमजी म्हणजे ताकद नव्हे" हे मी पूर्वी लेक्चरमध्ये तीन स्लाइडवर सांगायचे आणि व्हायवात एकालाही आठवायचं नाही. आता चौथ्या वर्षाची मुलं दुसऱ्या वर्षाच्या मुलांना हे स्वतः करून दाखवतात. आधी अंदाज लिहायला लावणं हाच त्यातला जीव आहे. ज्याने काही लिहिलं नाही त्याला आश्चर्यही वाटत नाही, तो म्हणतो, "हां, बरोबर."

"कुठल्याही भाषेत" हे मी उगाच म्हटलं नाही. पणजीत १८४२ मध्ये वैद्यकाची शाळा सुरू झाली ती पोर्तुगीजमध्ये. आज तीच परंपरा गोवा मेडिकल कॉलेज म्हणून बांबोळीत इंग्रजीत चालते. आपल्या घरी कोकणी, मराठी. इंग्रजीत लिहायला सांगितलं की मुलं पुस्तकातलं वाक्य लिहितात. "पाठ ताणलीय म्हणजे मसल जास्त वढतोय" असं लिहिणाऱ्या मुलाची चूक मला स्वच्छ दिसते, आणि चूक दिसली तरच ती दुरुस्त करता येते.

इलेक्ट्रोड लावण्याचं कौशल्य शिकवायला मात्र चर्चा कामाची नाही. तिथे पेटन यांची चार पायऱ्यांची पद्धत (१९९८) घ्या: एकदा न बोलता नेहमीच्या वेगाने करून दाखवायचं, मग बोलत बोलत सावकाश, मग विद्यार्थी सांगेल तसं तुम्ही करायचं, शेवटी तो बोलत बोलत स्वतः करेल. तिसरी पायरी सगळे गाळतात आणि खरी गंमत तिथेच असते. मुलगा म्हणाला, "आता चिकटवा," की मी स्पिरिट न वाळलेल्या त्वचेवर चिकटवते. मग त्यालाच हसू येतं. परीक्षा तोंडी नको. मिलर यांनी १९९० मध्ये "माहीत आहे" ते "करतो" अशा चार पायऱ्यांचा जो मनोरा मांडला, त्यात तोंडी परीक्षा खालच्याच मजल्यांवर राहते. डंडीच्या हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या ओएससीईसारखी (स्टेशनागणिक हाताने करून दाखवायच्या परीक्षेसारखी) दोन स्टेशनं ठेवा: एकावर इलेक्ट्रोड लावायचे, दुसऱ्यावर मुद्दाम बिघडवलेल्या रेषा ओळखायच्या. सुटलेली कड, पन्नास हर्ट्झ, पाठीच्या रेषेत घुसलेले हृदयाचे ठोके. तुमच्या अभ्यासाचं मुख्य मोजमाप मी तेच धरेन.

तुमच्या दुसऱ्या सिनॉप्सिसच्या परिशिष्टात "लर्निंग स्टाइल" ठरवायची प्रश्नावलीही दिसली. काढा. प्रत्येकाच्या शैलीप्रमाणे शिकवलं तर जास्त शिकणं होतं याचा पुरेसा पुरावा नाही, हे २००८ मध्ये पॅशलर आणि सहकाऱ्यांनी सगळं तपासून सांगितलं. तरीही दर वर्षी आपल्याकडे त्यावर प्रबंध होतात, कारण प्रश्नावली फुकट मिळते.

कमिटीसमोर एक प्रश्न नक्की येईल. तुमचेच विद्यार्थी, तुमच्याच हातात त्यांचे इंटर्नल मार्क, मग त्यांची संमती मोकळी कशी? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत विद्यार्थ्यांना दबावाखाली येऊ शकणाऱ्यांत धरलंय. संमती दुसऱ्या विभागातल्या कोणाला तरी घ्यायला सांगा, आणि कोण सहभागी झालं ते निकाल लागेपर्यंत तुम्हाला कळू नये. मांडीवर इलेक्ट्रोड लावायचे तर मुलींसाठी पडदा आणि बाईमाणूस, हे लेखी द्या. पुढे पेशंटांचे गट पाडून उपचार देणार असाल तर सीटीआरआयवरची (देशातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीतली) नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधीच. १ एप्रिल २०१८ पासून ती मागाहून होत नाही.

तारखांचं बोलायचं तर पेशंटांचं काम चवथीनंतरच ठेवा. ऑगस्टमध्ये पेशंट येणार नाहीत, आणि आले तर घामाने इलेक्ट्रोड टिकणार नाहीत. पाऊसभर स्वतःवर सराव करा. आज तुमच्याच मांडीवर व्हीएमओची जोडी लावा, भिंतीला टेकून दहा सेकंद, आकडा लिहा. परवा सगळं काढून नव्याने लावा, तेच करा, आकडा लिहा. दोन्ही आकडे सिनॉप्सिसला जोडून मला पाठवा, आणि त्यातला कुठलाही खोडू नका.